इंदूरची तार आणि माझी चुकलेली आकृती

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या बैठकीत मी ‘सत्तावनचं बंड आणि आग्रा-मुंबई तारमार्ग’ या विषयावर एक टिपण वाचलं होतं. पुढे ते याच संकेतस्थळावर आलं. त्यात मी ठामपणे लिहिलं होतं की जून १८५७ मध्ये ग्वाल्हेरच्या बाजूला तारमार्ग मोडला, सर्किट तुटलं आणि इंदूर ‘बहिरं’ झालं. म्हणून रेसिडेन्सीत बसलेल्या कर्नल ड्युरंडने त्यानंतरचे सगळे निर्णय अंधारात घेतले. बरोबर एक आकृतीही होती. मुंबईहून आग्र्याला जाणारी एक तार, आग्र्याहून मुंबईला परत येणारी दुसरी, आणि मध्ये इंदूर, ग्वाल्हेर वगैरे ठिकाणं. दिवाळीच्या माळेत दिवे असतात ना, तशी.

बैठक संपल्यावर मागच्या रांगेतून एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. आयुष्यभर तारखात्यात नोकरी केलेले. फळ्यावरची आकृती त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “अहो, ही दुसरी तार कुठून आणलीत?”

मी म्हटलं, “काका, परतीची. त्याशिवाय सर्किट पुरं कसं होणार?”

“आम्ही पस्तीस वर्षं एकाच तारेवर काम केलं. परतीला जमीन होती की!”

मी व्यवसायाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. इतिहास हा मागाहून जडलेला नाद. इतिहासातल्या चुकीबद्दल कोणी कान धरला तर मी मुकाट ऐकतो, पण इथे माझ्या पोटापाण्याच्या विषयात कान धरला गेला होता. घरी येऊन रात्री नीट विचार केला तेव्हा कळलं की चूक आकृतीपुरती नाही. त्या आकृतीवर उभा केलेला इतिहासाचा निष्कर्षच कोसळतोय. हा लेख त्या दुरुस्तीसाठी आहे. शाळेत सोडून दिलेलं थोडंसं भौतिकशास्त्र वाचकांना पुन्हा पाहावं लागेल, त्याला इलाज नाही.

आधी गोष्ट कुठून सुरू होते ते सांगतो. हिंदुस्थानात तारायंत्र आणलं ते एका डॉक्टरने. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी हा कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. १८३९ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याने कलकत्त्याजवळ २१ मैल लांबीची तार उभारून प्रयोग केले. त्या परिपथात ७,००० फूट अंतर तारेचं नव्हतं, चक्क नदीच्या पाण्याचं होतं. तेव्हा संदेश ‘वाचायचा’ तो बोटाला बसणाऱ्या झटक्यावरून! कंपनी सरकारने त्याची दखल घ्यायला दहा-बारा वर्षं लावली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही छोटी लाइन झाली, मग डलहौसीने जोर लावला आणि १८५३ च्या अखेरीस मोठ्या मार्गाचं काम निघालं. २४ मार्च १८५४ रोजी कलकत्ता-आग्रा संदेश गेला. १८५५ च्या फेब्रुवारीत तार लोकांसाठी खुली झाली, तेव्हा मुंबई आणि मद्रासही जोडले गेले होते. दर होता ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया. आग्र्याहून मुंबईला येणारी तार ग्वाल्हेर-इंदूरवरून येत असे, म्हणजे आज आपण ज्याला ए.बी. रोड म्हणतो साधारण त्याच वाटेने.

आता सर्किट. विजेचा प्रवाह वाहायला बंद वाट लागते, हे सातवीतलं पोरगंही सांगतं. सेलच्या एका टोकातून निघालेला प्रवाह फिरून दुसऱ्या टोकाला आलाच पाहिजे. मग एका तारेवर काम कसं चालतं? म्युनिकच्या स्टाइनहाइलने १८३८ मध्ये दाखवून दिलं की परतीच्या तारेची जागा जमीन घेऊ शकते. पाठवणाऱ्याकडे बॅटरीचं एक टोक तारेला, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला. घेणाऱ्याकडे तार यंत्राच्या वेटोळ्यात शिरते आणि वेटोळ्याचं दुसरं टोक तिथल्या जमिनीत. झालं सर्किट पुरं.

यावर प्रत्येक जण विचारतो तोच प्रश्न मलाही पहिल्या वर्षाला पडला होता. माती ही तांब्या-लोखंडापेक्षा कितीतरी वाईट वाहक. मग शेकडो किलोमीटर मातीतून प्रवाह येतो कसा? उत्तर रुंदीत आहे. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर कमी होतो. जमिनीत पुरलेल्या पत्र्यापासून प्रवाह सगळ्या दिशांनी पसरतो. पत्र्यापासून जितकं दूर जावं तितकी वाट रुंदावत जाते. अर्धगोलासारखा पत्रा धरला तर त्याच्या भोवतालच्या जमिनीचा अर्धा रोध पहिल्या एका त्रिज्येइतक्या अंतरातच संपतो. पुढचे शेकडो किलोमीटर जवळजवळ फुकट. गर्दी दारातच असते, मैदानात गेल्यावर कोणाला कोणाचा धक्का लागत नाही, तसंच हे.

हे मी नुसतं पुस्तकावरून सांगत नाही. मे महिन्यात घराच्या मागच्या अंगणात दोन लोखंडी सळया हातभर खोल ठोकल्या (दोन्ही एकाच धातूच्या, नाहीतर त्यांचाच एक सेल तयार होतो), ९ व्होल्टची बॅटरी लावली आणि मल्टिमीटर मध्ये घातला. सळयांमध्ये ५ मीटर अंतर असताना प्रवाह जेमतेम ५ मिलिअँपिअर. एक सळई उपटून २० मीटरवर ठोकली, तरी आकडा जवळपास तोच. मग दोन्ही सळयांच्या बुडाशी एकेक बादली पाणी ओतलं आणि चहा पिऊन आलो. प्रवाह ४० च्या आसपास गेला होता. अंतर चौपट केलं तर काही झालं नाही, दोन बादल्या पाण्याने आठपट झालं. बायकोने गच्चीवरून हा सगळा उद्योग पाहिला आणि कुंड्यांना पाणी घालायची आठवण केली, ते वेगळं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या तारघरात उन्हाळ्यात रोज सकाळी अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम ठरलेलं होतं. माळव्याची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. पावसाळ्यात पाय रुतेल अशी, आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा. ओल्या काळ्या मातीत अर्धा मीटर त्रिज्येच्या पत्र्याचा रोध तीन-चार ओहम इतका कमी येतो. तीच माती कोरडीठाक पडली की साठ-सत्तरच्या घरात जातो. आजही आपण घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओततो ते याचसाठी.

आता आकडे घालून बघू. इंदूर ते मुंबई साधारण ६०० किलोमीटर. ओ’शॉनेसीला जाड लोखंडाचा फार सोस होता. डायमंड हार्बरच्या लाइनला त्याने तार म्हणण्याऐवजी सळईच वापरली, ३/८ इंच जाडीची. माकडं लोंबकळली, गुरांनी अंग घासलं तरी टिकली पाहिजे, हा हिशोब. मी इथे सोयीसाठी ८ मिलीमीटर जाडीची लोखंडी तार धरतो. तिचा रोध किलोमीटरला सुमारे २.२ ओहम, म्हणजे ६०० किलोमीटरला सुमारे १,३०० ओहम. जाडी निम्मी केली असती तर हाच रोध चौपट होऊन ५,००० च्या वर गेला असता. माकडांसाठी घेतलेली जाडी विजेलाही फायद्याची ठरली. तांब्याचा रोध लोखंडाच्या सहाव्या हिश्श्याइतका, पण तांबं महाग, ऊन लागलं की ताणून लोंबणारं, आणि रानावनात तांब्याची तार किती दिवस खांबावर राहिली असती ते कोणीही सांगेल.

बॅटरी डॅनियलच्या प्रकारची धरू. तांबं, जस्त आणि मोरचुदाचं पाणी. १८३६ चा शोध. एका सेलचा दाब १.१ व्होल्टच्या आसपास. असे ५० सेल एकापुढे एक जोडले की ५५ व्होल्ट. सेलला स्वतःचाही आतला रोध असतो. प्रत्येकी ५ ओहम म्हटलं तर २५० ओहम. एकूण १,५५०. ओहमच्या नियमाने ५५ भागिले १,५५०, म्हणजे सुमारे ३५ मिलिअँपिअर. आपल्या हातातल्या साध्या एलईडी टॉर्चलाही पुरा न पडणारा हा प्रवाह. पण सुईच्या भोवती बारीक तारेचे शेकडो वेढे घातले की तेवढ्यानेही ती छान वळते. प्रवाह तारेतून गेला की जवळची चुंबकसुई वळते हे १८२० मध्ये अर्स्टेडने पाहिलं होतं, आणि ओ’शॉनेसीचं यंत्र त्याच तत्त्वावर चालत असे. बॅटरीची टोकं उलटी केली की सुई उलट बाजूला वळते. डावं-उजवं यांच्या जुळणीतून अक्षरं. मोर्सची पद्धत आपल्याकडे त्यानंतर आली.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संदेश क्षणात पोचतो म्हणून लोकांना वाटतं की तारेतले इलेक्ट्रॉन मुंबईहून धावत इंदूरला येतात. मी हिशोब केला. ३५-४० मिलिअँपिअरचा प्रवाह या जाडीच्या लोखंडी तारेतून वर्षभर अखंड चालू ठेवला, तरी इलेक्ट्रॉन जेमतेम एक-दोन मीटर सरकतात. म्हणजे १८५५ साली मुंबईच्या तारघरातून निघालेला इलेक्ट्रॉन, तार अजून शाबूत असती तरी, त्याच गल्लीत असता. धावतो तो ढकलाढकलीचा धक्का. भरलेल्या नळाची तोटी उघडली की पाणी लगेच पडतं, टाकीतलं पाणी तेवढ्यात आलेलं नसतं.

आता १८५७.

दिल्लीचा प्रसंग प्रसिद्ध आहे, पण तो विजेच्या अंगाने कोणी फारसा वाचत नाही. १० मे, रविवार. दिल्लीच्या तारघराला मेरठकडून उत्तर येईना. तारघराचा प्रमुख चार्ल्स टॉड याने ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन पोरसवदा तारवाल्यांना यमुनेपलीकडे पाठवलं, जिथे नदीखालची केबल संपून खांबावरची तार सुरू होई. तिथून त्यांनी दिल्लीला संदेश पाठवला, मिळाला. मेरठला पाठवला, उत्तर नाही. म्हणजे बिघाड नदीत नाही, त्याच्या पलीकडे आहे. सर्किटचे दोन तुकडे करा, कोणता तुकडा जिवंत आहे ते पाहा, मेलेल्या तुकड्याचे पुन्हा दोन करा. मी पीथमपूरच्या कारखान्यांत तीस वर्षं याच रीतीने दोष शोधले. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः तार तपासायला निघाला आणि मारला गेला. मेरठची लाइन मेली होती, पण अंबाल्याची वेगळी लाइन जिवंत होती. तिच्यावरून त्या दोघांनी दिल्लीची बातमी पंजाबात पोचवली.

हे मला माहीत होतं. टिपणात त्याचा उल्लेखही होता. तरी मी इंदूरला तोच नियम लावला नाही. ग्वाल्हेर कंटिन्जंटने १४ जूनला बंड केलं, उत्तरेकडचा मार्ग गेला. पण म्हणून इंदूर-मुंबई तुकडा मरायचं कारण काय? इंदूरच्या तारघरात दोन्ही बाजूंच्या तारा येत होत्या. मुंबईकडून येणारी तार यंत्रातून जमिनीत गेली की तिचं सर्किट पुरं. आग्रा असो नसो. खरं सांगायचं तर माझ्या त्या काल्पनिक दोन तारा असत्या तरी निष्कर्ष टिकला नसता; इंदूरच्या माणसाने दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या असत्या की मुंबईचं सर्किट पुन्हा चालू. दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला तर सगळी माळ जाते हे खरं, पण मधल्या प्रत्येक दिव्यापाशी एक शहाणा माणूस बसवला असेल तर जात नाही.

आणि कागदही तेच सांगतात, फक्त मी ते नीट वाचले नव्हते. जून महिन्यात ड्युरंड आणि मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यात तारांनी बोलणं चालू होतं. विषय होता वुडबर्नची फौज. ती महूला यायची, तर वाटेत औरंगाबादच्या गडबडीसाठी वळली, आणि ड्युरंड ती लवकर यावी म्हणून तारेवरून जीव तोडत होता. म्हणजे त्याला अंधार नव्हता. मदत येत नाही हे त्याला लख्ख दिसत होतं. १ जुलैला सआदत खान आणि होळकरांच्या फौजेतल्या लोकांनी रेसिडेन्सीवर तोफा डागल्या, ड्युरंड सीहोरकडे निघून गेला, त्याच रात्री महूची पलटण उठली. ‘बातमी नव्हती म्हणून गाफील राहिला’ हा माझा निष्कर्ष उलटा निघाला. बातमी होती, फौज नव्हती. ड्युरंडच्या त्या दिवसातल्या वागण्यावर त्याच्या हयातीतच बरेच वाद झाले; त्या वादात माझ्या आकृतीने त्याला एक फुकटची सबब मिळवून दिली होती.

दुसरी दुरुस्ती मला जास्त टोचते. टिपणाच्या चर्चेत सेंधव्याकडच्या एका परिचितांनी घरातली आठवण सांगितली होती: पणजोबांच्या वडिलांनी तार तोडून तिचं टोक नाल्यात टाकलं होतं, आणि साहेबाला दोन दिवस पत्ताच लागला नाही. मी इंजिनिअरच्या तोऱ्यात म्हणालो, “तार तुटली की सुई हलायची थांबते, ते लगेच कळतं. पत्ता लागला नाही हे शक्य नाही.” ते बिचारे गप्प बसले.

चूक. तार तुटून हवेत लोंबत राहिली तर सर्किट उघडं पडतं आणि पाठवणाऱ्याची सुई मरते, इतपत मी बरोबर होतो. पण तुटलेलं टोक ओल्या नाल्यात पडलं तर? तिथेच अर्थ मिळाला. समजा इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर हे झालं. तारेचा रोध १,३०० ऐवजी ३३०, बॅटरीचा २५०, नाल्यातल्या टोकाचा ५० धरला तर एकूण ६३०. प्रवाह ३५ वरून ८७ मिलिअँपिअर. इंदूरच्या माणसाची सुई मरायची सोडून दुप्पट जोराने उसळणार! जाणता तारवाला असेल तर त्याला तेवढ्यावरून संशय येईल. रोध मोजायचं साधन असेल तर ३३० भागिले २.२ करून तो दीडशे किलोमीटर हा आकडाही काढेल. नवशिका असेल तर ‘आज लाइन झकास आहे’ म्हणून संदेशांवर संदेश पाठवत बसेल, आणि मुंबईला एक अक्षर पोचणार नाही. नाल्यात टोक टाकणं हे तार नुसती तोडण्यापेक्षा हुशारीचं काम आहे. त्या परिचितांना मी फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, “आजी म्हणायची तसंच झालं तर.”

तिसरी गोष्ट पावसाची. प्रत्येक खांबावर तारेखाली इन्सुलेटर असतो. भिजल्यावर त्यातून थोडा प्रवाह झिरपतोच. समजा ओल्या इन्सुलेटरचा रोध एक कोटी ओहम आहे. एकट्याने काहीच बिघडत नाही. पण किलोमीटरला दहा खांब धरले तर ६०० किलोमीटरला ६,००० खांब, आणि ते सगळे एकमेकांना समांतर. समांतर रोधांचा एकत्र रोध भागाकाराने उतरतो: एक कोटी भागिले ६,००० म्हणजे सुमारे १,७०० ओहम. तारेच्या रोधाच्या जवळपास आलं की हे! म्हणजे मुसळधार पावसात प्रवाहाचा मोठा वाटा वाटेतच खांबांवरून जमिनीत उतरतो आणि मुंबईला सुई नुसती थरथरते. कोणी तार तोडायची गरजच नाही. म्हणूनच त्या काळी लांबचा संदेश एका दमात न पाठवता मधल्या तारघरांत उतरवून घेऊन पुढे देत.

माळव्यात पाऊस जूनच्या मध्याला-अखेरीला लागतो. बंडाचा भर आणि पावसाचा भर एकाच वेळचे. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत तार ‘खंडित’ असल्याची नोंद दिसली की आपण लगेच ‘बंडवाल्यांनी तोडली’ असं लिहून मोकळे होतो. मी स्वतः दोनदा लिहिलंय. खंडित म्हणजे तोडलेलीच असं नाही. कोसळलेला खांब, भिजलेले इन्सुलेटर, वाळलेला अर्थचा खड्डा, संपलेलं मोरचूद, यांपैकी काहीही असू शकतं. याच काळात, याच रस्त्याच्या आसपास आपले गोडसे भटजी बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने वरसईहून चालत येत होते. त्यांच्यासारख्यांची बातमी पायी चालायची, आणि तिला पावसाचा त्रास वेगळ्या तऱ्हेचा.

जुन्या टिपणातली आकृती मी काढून टाकली आहे. नव्या आकृतीत एकच तार आहे, इंदूरला दोन यंत्रं आहेत आणि प्रत्येक यंत्राखाली जमिनीची खूण आहे. ‘इंदूर बहिरं झालं’ हा परिच्छेद खोडून त्याखाली दुरुस्तीची तारीख घातली आहे. ज्यांच्याकडे १८५७ ची जुनी पत्रं, रोजनिशा किंवा दप्तरातल्या नकला असतील आणि त्यांत तार बंद पडल्याचा उल्लेख असेल, त्यांनी त्या दिवशी पावसाचा उल्लेख आहे का तेही शेजारी टिपून ठेवावं. पुढच्या बैठकीत जून ते ऑगस्ट अशा नोंदी एका तक्त्यावर मांडायचा विचार आहे. काका येणार आहेत; त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.